इलेक्ट्रॉनिक्सचा प्राध्यापक-संशोधक व्हायचंय? खान्देशातून निघून खान्देशात परतणारी वाट

निकाल लागले की आमच्या विभागात एखादा बाप पोराला घेऊन येतोच. यंदा यावल तालुक्यातले एक आबा आले. टोपी काढून मांडीवर ठेवली, ग्लासभर पाणी संपवलं आणि थेट विचारलं, "सर, याले प्रोफेसर व्हायचं म्हने. किती लागतीन?" ते लाखांत विचारत होते. पोरगा ईएनटीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या, तिसऱ्या वर्षाला, मान खाली.

मी म्हटलं, "आबा, पैशाचं मागून बोलू. आधी वर्षं मोजू." त्यांच्याशी तासभर जे बोललो, ते इथे जरा सविस्तर लिहितो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको: पदवी घराजवळ झाली तरी हरकत नाही, पण एम.टेक. आणि जमलं तर पीएच.डी. बाहेर करा, नोकरीला पुन्हा इकडे या, आणि संशोधनाचा प्रश्न मात्र इथलाच घ्या. बरेच जण नेमकं उलटं करतात. घर सोडत नाहीत आणि विषय मात्र कुठल्या तरी परदेशी पेपरातून उचलतात.

कुठल्या दारातून जायचं

इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचं तर दारं तीन, आणि तिन्हींची कुलपं वेगळी.

पहिलं इंजिनीअरिंग कॉलेजचं. सहायक प्राध्यापक व्हायला एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, २०१९च्या नियमांनुसार संबंधित शाखेतली बी.ई. किंवा बी.टेक. आणि एम.ई. किंवा एम.टेक. लागते, दोहोंपैकी एकीत तरी प्रथम श्रेणी हवी. नेट, म्हणजे अध्यापनाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, लागत नाही. पीएच.डी. नसली तरी या पदावर रुजू होता येतं.

दुसरं पॉलिटेक्निकचं. तिथे अधिव्याख्याता व्हायला प्रथम श्रेणीतली बी.ई. पुरते. ज्यांना घरच्या परिस्थितीमुळे लगेच कमवायचं आहे त्यांनी हे दार हलकं समजू नये. सातव्या वेतन आयोगात पॉलिटेक्निकच्या अधिव्याख्यात्याचं सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० आणि इंजिनीअरिंगच्या सहायक प्राध्यापकाचं ५७,७००. फरक फक्त सोळाशेचा. शासकीय संस्थांतल्या या दोन्ही जागा एमपीएससीतून भरतात, जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून एमपीएससीची वाट बघत नुसतं बसू नये, काहीतरी करत वाट बघावी.

तिसरं दार विज्ञान महाविद्यालयाचं, म्हणजे बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सचे वर्ग. तिथे एम.एस्सी.ला किमान ५५ टक्के आणि सोबत नेट किंवा सेट. विषयाचं नाव 'इलेक्ट्रॉनिक सायन्स'. आपल्या राज्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे.

गफलत होते ती इथेच. एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स केलेला मुलगा इंजिनीअरिंग कॉलेजच्या दारात उभा राहतो आणि एम.टेक. झालेली मुलगी विनाकारण नेटच्या पुस्तकांत दोन वर्षं घालवते. दुसरी गफलत शाखेची. बी.ई. ईएनटीसी आणि एम.ई. कॉम्प्युटर अशी जोडी केली, की मुलाखतीत किंवा विद्यापीठाच्या मान्यतेच्या वेळी 'संबंधित शाखा' या दोन शब्दांवर गाडी अडते. व्हीएलएसआय, एम्बेडेड सिस्टिम्स, कम्युनिकेशन, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल प्रोसेसिंग यांतलं काही केलं तर ती भीती नाही. एम.टेक.ला प्रवेश घेण्याआधी एआयसीटीईची शाखांची यादी उघडून पदवीचं नाव अक्षरशः जुळवून बघा.

पदवीची वर्षं: मार्क पुरेसे, हात भरपूर

श्रेणी गुणांच्या पद्धतीत ६.७५ म्हणजे ६० टक्के, हे एआयसीटीईचं कोष्टक. तेवढं सांभाळा. त्यावर आणखी अर्ध्या गुणासाठी जीव काढण्यापेक्षा तो वेळ प्रयोगशाळेत घाला, असं मी सांगतो. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही.

आमच्या लॅबमध्ये दर बॅचला एक प्रसंग ठरलेला. ऑप-ॲम्पचं साधं ॲम्प्लिफायर, ब्रेडबोर्डवर जोडणी पुस्तकाबरहुकूम आणि आउटपुटला डीएसओवर, म्हणजे डिजिटल ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर, नुसती गोंगाटाची झाडी. मुलं आयसी बदलतात, रेझिस्टर बदलतात, शेवटी "सर, बोर्डच खराब आहे" म्हणतात. मी काही न बोलता फंक्शन जनरेटरचा आणि पॉवर सप्लायचा ग्राउंड एका वायरीने जोडतो. साइन वेव्ह हजर. हे एकदा झालं तर शिकणं. तिसऱ्या वर्षातही होत असेल, तर त्या मुलाने आजवर दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून जर्नल लिहिलंय.

प्राध्यापक व्हायचं असेल, तर असला दोष दोन मिनिटांत शोधता आला पाहिजे, कारण पुढे तीस जणांची बॅच तुमच्याकडे बघत उभी असणार. एक साधा मल्टिमीटर, एक सोल्डरिंग गन आणि दोन मायक्रोकंट्रोलर बोर्ड घरी ठेवा. सर्किट काढायला केआयकॅड आणि सिम्युलेशनला एनजीस्पाइस फुकट मिळतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने या दोन्हींचा मेळ घालून ईसिम बनवलं आहे, ते तर विद्यार्थ्यांसाठीच.

शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट विकत आणू नका. तयार किट, तयार रिपोर्ट, ओरलला काय विचारतील त्याची उत्तरंसुद्धा तयार, असं पॅकेज मिळतं हे मला माहीत आहे आणि ते आणणारे आम्हाला पहिल्या प्रश्नाला कळतात. तुमचं अर्धवट चाललेलं पण स्वतः केलेलं प्रोजेक्ट एम.टेक. आणि पीएच.डी.च्या मुलाखतीत कामी येतं. 'का चाललं नाही' हे सांगता येणं हीच तिथली परीक्षा.

गेट, आणि घर सोडणं

गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा, फेब्रुवारीत होते, फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात. आपला पेपर 'ईसी'. ३ तास, ६५ प्रश्न, १०० गुण; त्यांत १५ सामान्य क्षमतेचे, सुमारे १३ गणिताचे, बाकी विषयाचे. स्कोअर ३ वर्षं चालतो. तिसऱ्या वर्षात असतानाही देता येते, तेव्हा पहिला प्रयत्न तेव्हाच करा. नापास झालात तरी परीक्षेचा वास लागतो.

क्लास लागतो का? जळगाव-धुळ्यातली मुलं पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन वर्ष काढतात. ज्याला स्वतःहून बसायची सवय नाही त्याला उपयोग होतो. बाकीच्यांनी एनपीटीईएलची (आयआयटींच्या प्राध्यापकांची मोफत ऑनलाइन) व्याख्यानं, मागच्या पंधरा वर्षांचे पेपर आणि एक चांगला जोडीदार एवढ्यावर भागवावं. नेटवर्क्स, सिग्नल्स, ॲनालॉग, डिजिटल आणि गणित आधी. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स सोडून देण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण पुढे अँटेना, सेन्सर, अगदी पीसीबीसुद्धा तिथेच येऊन टेकतात.

स्कोअर चांगला असेल तर आयआयटींसाठी कोॲप आणि एनआयटींसाठी सीसीएमटी या पोर्टलांवरून प्रवेश. एआयसीटीईची पदव्युत्तर शिष्यवृत्ती महिना १२,४०० रुपये, २४ महिने. आबांना हा आकडा सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत नीट सरकून बसले.

घर सोडायचा मुद्दा आपल्याकडे नाजूक असतो, मुलींच्या बाबतीत जास्तच. पण नकाशा उघडून बघा. भुसावळ जंक्शनवरून नागपूरच्या व्हीएनआयटीला थेट गाड्या आहेत. नंदुरबारच्या मुलीला पुण्यापेक्षा सुरतचं एसव्हीएनआयटी जवळ, ताप्ती लाइनवर बसलं की सकाळची संध्याकाळ होत नाही. मुंबईला तर रात्री बसून पहाटे उतरता येतं. बाहेर जायचं ते मोठ्या नावासाठी नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये नाही ते यंत्र तिथे हाताळायला मिळतं, आणि संशोधन करणारा माणूस आठवडाभर एकाच आलेखाकडे कसा बघत बसतो हे डोळ्यांनी दिसतं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

पहिली नोकरी: ऑर्डर नीट वाचा

एम.टेक. झालं, हातात पैसा हवा, घराजवळचं कॉलेज बोलावतं. इथे माझीच फजिती सांगतो. माझ्या पहिल्या संस्थेने नेमणुकीची ऑर्डर ११ महिन्यांची दिली, मध्ये एक महिन्याचा खंड, पुन्हा ११ महिने. पगार कधी तीन महिन्यांनी, कधी पाच. ते मी सहन केलं. पण माझ्या नेमणुकीचा प्रस्ताव विद्यापीठाकडे मान्यतेला गेलाच नव्हता, हे मला दोन वर्षांनी दुसरीकडे अर्ज करताना कळलं. दोन वर्षं रोज चार तास शिकवलं, आणि ती वर्षं अनुभवात शून्य.

म्हणून रुजू होण्याआधी तोंडावर विचारा, लाजू नका: निवड समिती विद्यापीठाची आहे की संस्थेची स्थानिक? मान्यतेचा प्रस्ताव कधी जाईल? पगार बँकेत की हातात? भविष्य निर्वाह निधी कापतात का? पूर्णवेळ पद आहे की सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व? सीएचबीवर वर्ष काढायला हरकत नाही, पण तिथे आपण वाट बघतोय हे विसरू नका. मी अशी माणसं बघितली आहेत, जी एकेका वर्षाच्या आशेवर चाळिशीला पोचली.

खान्देशातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत आणखी एक गुंता असतो. पूर्वी सगळी जळगावच्या विद्यापीठाखाली होती. आता काही लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत, काही स्वायत्त झाली आहेत. मान्यता नेमकी कुणाची, हे कॉलेजच्या आस्थापना शाखेतल्या बाबूला विचारा. प्राचार्यांपेक्षा त्यांना जास्त अचूक माहीत असतं.

एक फाइल करा: जाहिरातीचं कात्रण, नेमणूक आदेश, रुजू अहवाल, मान्यतेचं पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, कार्यमुक्ती आदेश, अनुभव प्रमाणपत्र. स्कॅन वेगळं. माझी ती दोन वर्षं एका कागदापायी गेली.

रुजू झाल्यावर एआयसीटीईचं शिक्षक-प्रशिक्षण, एनआयटीटीटी, आठ मॉड्यूलचं असतं आणि स्वयम पोर्टलवर होतं. पहिल्याच वर्षी सुरू करा, नंतर कामाच्या धबडग्यात राहतं.

पीएच.डी.: वर्षं, पैसा, मार्गदर्शक

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, सध्याचे नियम २०२२चे आहेत. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुनर्नोंदणी करून आणखी २. महिलांना त्याहून २ वर्षांची सवलत. सुरुवातीला किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क. अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र लागतं. सहायक प्राध्यापक एका वेळी ४, सहयोगी ६ आणि प्राध्यापक ८ विद्यार्थी घेऊ शकतो, म्हणून चांगल्या मार्गदर्शकाकडे जागा कधी मोकळी होणार याची चौकशी वर्षभर आधी करावी लागते.

पूर्णवेळ की अर्धवेळ? परिस्थिती असेल तर पूर्णवेळ, डोळे मिटून. आयआयटी-एनआयटीत किंवा जेआरएफवर (नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपवर) पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० मिळतात. विनाअनुदानित कॉलेजातल्या कित्येक पगारांपेक्षा हे जास्त आहे आणि वेळेवर येतं. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गांसाठी आहेत, नंदुरबार-धुळ्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणा मुलांसाठी केंद्राची अनुसूचित जमातींची राष्ट्रीय फेलोशिप आहे. जात वैधता प्रमाणपत्र एम.टेक.च्या काळातच काढून ठेवा. फेलोशिपची जाहिरात लागली की त्या कार्यालयात रांग लागते.

नोकरीत कायम झालेल्यांना एआयसीटीईची क्यूआयपी योजना आहे. पगार चालू ठेवून मोठ्या संस्थेत पीएच.डी.ला जाता येतं. संस्थेने सोडायला हवं, अडचण तीच.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापुढची अक्षरं मोजू नका. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मिळतात. दोन उतरवून घ्या आणि शेवटचं प्रकरण वाचा. मग त्या विद्यार्थ्यांपैकी एकाला फोन करा आणि एवढंच विचारा: "सरांनी तुमचं लिखाण किती दिवसांत वाचून दिलं?" 'पंधरा दिवस' म्हणाला तर नशीबवान समजा. 'सर फार मोठे आहेत, बिझी असतात' असं उत्तर आलं, तर समजून घ्या.

प्रश्न कुठून आणायचा

माझ्याकडे येणाऱ्या दर तीन प्रस्तावांत एकाचं नाव असतं 'आयओटी आधारित स्मार्ट सिंचन'. बाजारातून ओलाव्याचा सेन्सर आणायचा, ईएसपी-३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलरला जोडायचा, आकडा मोबाइलवर दाखवायचा. हे चांगलं डिप्लोमा प्रोजेक्ट आहे. संशोधन नाही, कारण यात उत्तर आधीच माहीत आहे.

पण याच विषयात संशोधन कुठे लपलेलं आहे, ते दाखवतो. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी असाच सेन्सर घेऊन स्वतःच्या कपाशीच्या शेतात गेला. मोटर चालू, ठिबक चालू, आणि सेन्सर म्हणतोय जमीन कोरडी. बोर्ड बदलला, कोड बदलला, तेच. शेवटी त्याच्या काकांनी खुरपीने सेन्सरच्या बाजूची माती उकरली. आत बोटभर माती ओली, आणि सेन्सरच्या पात्याला खेटून काडीएवढी भेग. काळी जमीन वाळताना आकसते, भेगा पडतात. पातं मातीला नाही, हवेला चिकटलं होतं.

आता हिशेब बघा. असला स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर मोजतो ते पात्याभोवतालच्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे तो पदार्थ विद्युत ऊर्जा किती साठवू देतो ते. हवेचं सापेक्ष मूल्य १, कोरड्या मातीचं साधारण ३ ते ५, पाण्याचं ८०च्या आसपास. पात्याजवळचा पहिला मिलिमीटरच निकाल ठरवतो, आणि तिथे हवा असली की पलीकडच्या ओल्या मातीला काही किंमत राहत नाही. त्यात चिकणमातीची आणि क्षारांची विद्युतवाहकता कमी वारंवारितेवर आकडा आणखी बिघडवते. म्हणजे प्रश्न असा तयार झाला: कोरडी माती आणि भेग, या दोन्हींत फरक ओळखणारं मोजमाप करता येईल का? दोन वेगळ्या वारंवारितांवर मोजून? पात्याचा आकार बदलून? याला आधीचं तयार उत्तर नव्हतं, प्रयोगशाळा फुकट होती आणि ती त्याच्या घरामागे होती. पुढे शेतकऱ्याचा खरा प्रश्नही त्यात आला. शेतकरी ओलावा किती टक्के ते विचारत नाही. तो विचारतो वाफसा आहे का. वाफसा म्हणजे पाणी आणि हवा दोन्ही मुळांना मिळतील अशी स्थिती, आणि ती एका आकड्यात मावत नाही.

असे प्रश्न आपल्याकडे पडलेले आहेत. रावेर-यावलची केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, स्वस्तात आणि भरवशाने मोजणं. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण चेंबरमधला माणूस अजून नाकाने आणि अंदाजानेच काम करताना दिसतो. साक्रीचे सौर प्रकल्प आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या: इन्व्हर्टर, धूळ, दोष ओळखणं. भुसावळची रेल्वे आणि दीपनगरचं औष्णिक केंद्र: मोठ्या मोटरांचं कंपन आणि तापमान यांवरून बिघाड आधी ओळखणं.

आणि ऊन. भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो, उन्हातल्या बंद पेटीत त्याहून बरंच जास्त. साधी व्यापारी दर्जाची आयसी ७० अंशांपर्यंतच हमीची असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, हा जुना ठोकताळा. बंगळुरूच्या वातानुकूलित लॅबमध्ये बसलेल्याला या विषयासाठी ओव्हन विकत घ्यावा लागतो, आपल्याला गच्चीवर पेटी ठेवली की झालं.

हे सगळं शेती-माती नको, मला चिपच करायची आहे, असंही कुणी म्हणेल. करा. केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रमाचं लक्ष्य ८५,००० अभियंते घडवण्याचं आहे आणि त्यात निवडलेल्या संस्थांना महागडी डिझाइन सॉफ्टवेअर सीडॅकच्या बंगळुरूतल्या चिपइन केंद्रातून मिळतात. आपलं कॉलेज त्या यादीत नसेल तर स्कायवॉटर या चिप कारखान्याचं १३० नॅनोमीटरचं खुलं डिझाइन किट २०२०पासून उपलब्ध आहे. मॅजिक हे लेआउटचं फुकट सॉफ्टवेअर, एनजीस्पाइस आणि एक बरा लॅपटॉप यांवर लेआउटपर्यंत जाता येतं. अंगणात प्रयोग नाही करता येत एवढंच.

पेपर छापणं आणि फसणं

'तीन दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेट मोफत' असा मेसेज आला की नंबर ब्लॉक करा. पेपर तपासायला एका गंभीर संशोधकाला काही आठवडे लागतात. तीन दिवसांत तपासला जातो तो फक्त तुमचा यूपीआय.

पूर्वी यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी होती, २०१९मध्ये सुरू झालेली. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं. आता नियतकालिक चांगलं की वाईट हे ठरवणं आपल्यावर आणि संस्थेवर आलं आहे. माझी कसोटी साधी: तुमच्या प्रबंधात तुम्ही ज्या दहा पेपरांवर खरोखर अवलंबून आहात, ते कुठे छापून आलेत? तिथेच पाठवा. नकार येईल. नकारासोबत परीक्षकांचे शेरे येतात, आणि मला स्वतःला मार्गदर्शकापेक्षा एका अनोळखी परीक्षकाच्या कडक शेऱ्यांनी जास्त शिकवलं. नुसत्या पीएच.डी.साठी पेपर छापलेच पाहिजेत ही यूजीसीची अट २०२२मध्ये गेली. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, आणि बढतीला तर पेपर लागतातच.

पेपर वाचायला मिळणं हे खासगी कॉलेजवाल्याचं दुखणं. जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे नियतकालिकांची देशभराची एकत्र वर्गणी, सुरू झालं, पण ते शासकीय संस्थांसाठी. बाकीच्यांनी अर्काइव्ह (arXiv) हा पेपरांचा मोफत ऑनलाइन संग्रह बघावा, शासकीय संस्थेतल्या मित्राकडे जाऊन बसावं, किंवा सरळ लेखकाला दोन ओळींचा ईमेल करावा. दहांतले सहा-सात जण आनंदाने पाठवतात. आपला पेपर कुणीतरी वाचतंय याचंच त्यांना अप्रूप असतं.

वाङ्मयचौर्याचे नियम २०१८चे: १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४०ला पुन्हा लिहून द्यावं लागतं, ४० ते ६०ला वर्षभर बंदी, ६०च्या वर नोंदणीच रद्द. दुसऱ्याचे शब्द फिरवून टक्केवारी खाली आणणारी सॉफ्टवेअर वापरू नका, वाक्यं हास्यास्पद होतात. 'सिग्नल टू नॉइज'चं कुणीतरी 'इशारा ते गोंगाट' केलेला प्रबंध मी तपासला आहे.

डेमो लेक्चर

मुलाखतीत फळ्यासमोर पंधरा मिनिटं मिळतात. लोक पीएच.डी.चा विषय सांगत सुटतात आणि समिती चहा पिते. एकच छोटी गोष्ट घ्या आणि ती तळापर्यंत न्या.

मी व्होल्टेज सोर्स आणि करंट सोर्स घेतले होते. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, ठिबकची नळी म्हणजे वायर, साधा ड्रिपर म्हणजे रेझिस्टर. लॅटरल लांब असली की शेवटच्या झाडाला पाणी कमी; तोच वायरीतला व्होल्टेज ड्रॉप. मग विचारायचं, शेतकरी यावर काय करतो? प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर बसवतो. दाब कमी-जास्त झाला तरी तो तासाला ठरलेलं ४ लिटरच पाणी सोडतो. हा झाला करंट सोर्स, आणि दाब एका मर्यादेखाली गेला की ड्रिपर जसं काम सोडतो तसाच ट्रान्झिस्टरचा करंट सोर्सही सोडतो. जळगावात ठिबक न पाहिलेला विद्यार्थी मिळायचा नाही. उपमा कुठे तुटते तेही सांगावं: पाणी जमिनीत मुरतं, करंट मात्र परत यावाच लागतो. परतीची वायर विसरणारी मुलं तीच, ग्राउंड न जोडणारी.

भाषेचं म्हणाल तर वर्गात समजावणं मराठीत, फळ्यावर संज्ञा आणि व्याख्या इंग्रजीत, आणि ओरलला मुलाला आधी मराठीत उत्तर देऊ द्यायचं. काही संस्थांना हे खपत नाही. मी करतो.

पुढच्या पायऱ्या, थोडक्यात

सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी., ८ वर्षांचा अनुभव, त्यांतली २ वर्षं पीएच.डी.नंतरची, आणि मान्य नियतकालिकांत किमान ६ पेपर. प्राध्यापकपदाला १० वर्षांचा अनुभव, त्यांत ३ वर्षं सहयोगीच्या दर्जाची, शिवाय त्या काळातले ६ पेपर आणि २ पीएच.डी. विद्यार्थी, विद्यार्थी नसतील तर १० पेपर. संशोधनाच्या निधीसाठी पूर्वीच्या एसईआरबी या केंद्राच्या संशोधन मंडळाच्या जागी आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे, नव्या अध्यापकांसाठी त्यांचं वेगळं अनुदान असतं. पहिला प्रस्ताव फेटाळला जाईल असं धरूनच लिहा.

आबा सगळं ऐकून बोटांवर मोजत होते. बी.ई. चार, एम.टेक. दोन, पीएच.डी. चार-पाच. "म्हंजे धा-अकरा वर्सं? सर, आंब्याचं कलम याच्याआधी फळं देते."

म्हटलं, खरं आहे, पण इथे चौथ्या वर्षानंतर खत-पाण्याचा खर्च झाडच काढतं. आणि 'किती लागतील' याचं उत्तर, गेट निघाली तर शिष्यवृत्तीत भागेल. ते हसले, टोपी घातली, जिना उतरायला लागले. पोरगा मात्र दाराशी रेंगाळला. बाप ऐकत नाही असं बघून हळूच म्हणाला, "सर, एम-थ्रीला बॅक आहे. चालेल?"

मी म्हटलं, नियमात प्रथम श्रेणी विचारतात, बॅक विचारत नाहीत. पण गेटमध्ये १३ गुण गणिताचे आहेत आणि एम-थ्री या गणिताच्या पेपरातला लाप्लास सिग्नल्समध्ये पुन्हा भेटणार आहे. दिवाळीआधी पुनर्परीक्षा आहे ना? फॉर्म आज भरून जा. खिडकी साडेचारला बंद होते.